विश्लेषण : बाळ काचेतून घरी आले, म्हणून उपचार संपले का?

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा जीव वाचवणे आता जिल्ह्याच्या ठिकाणी शक्य झाले आहे. त्याचा मेंदू, डोळे आणि कान जपणे मात्र अजूनही बरेचसे नशिबावर सोडलेले असते. कागलसारख्या तालुक्यात ही साखळी नेमकी कुठे तुटते? ती जोडायला काय लागेल?

कागल तालुक्यातले कोणतेही गाव डोळ्यासमोर आणा. सातव्या महिन्यातच कळा सुरू होतात. १०८ ची रुग्णवाहिका येते आणि बाईला कोल्हापूरला हलवले जाते. बाळ सव्वा किलोचे, रडणेही क्षीण. त्याला लगेच ‘काचेत’ ठेवले जाते. दोन-चार दिवसांत आईला सुट्टी मिळते. बाळ आतच राहते. वडील औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावतात, आजी वऱ्हांड्यात बसून असते, आई घरी अंथरुणावर दूध आटण्याची चिंता करत असते. महिना-सव्वा महिन्याने बाळ पावणेदोन किलोचे होऊन घरी येते. पेढे वाटले जातात, बारसे होते. संकट टळले असे सगळे धरून चालतात.

आठ-नऊ महिन्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते की बाळ नीट बसत नाही, पाय ताठ करते, नजर देत नाही. ‘सातव्या महिन्याचे आहे, होईल हळूहळू’ असे म्हणत आणखी सहा महिने जातात. मग जेव्हा डॉक्टर गाठले जातात, तेव्हा ज्या काळात सर्वाधिक करता आले असते तो काळ निघून गेलेला असतो.

प्रत्येक बाळाच्या बाबतीत असे घडत नाही. अपुऱ्या दिवसांची बहुसंख्य बाळे पुढे चांगली वाढतात. पण ज्यांच्या बाबतीत अडचण येणार आहे ती बाळे आधी ओळखता येतात, आणि त्यांचे नुकसान कमी करता येते. ते होत नसेल तर दोष नशिबाचा मानून गप्प बसता येणार नाही.

अपुऱ्या दिवसांचे बाळ कोणाला म्हणायचे?

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ मुदतपूर्व समजले जाते. ३२ ते ३७ आठवड्यांची बाळे संख्येने सर्वाधिक असतात. २८ ते ३२ आठवड्यांच्या बाळांना अधिक काळजी लागते आणि २८ आठवड्यांच्या आतली बाळे सर्वांत नाजूक असतात. ‘लॅन्सेट’मध्ये २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतीआधी जन्मली. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३० लाख, भारतातली होती.

‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ ही समजूत आजही अनेक घरांत ऐकू येते. ती चुकीची आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. पण याच समजुतीची दुसरी बाजूही घातक ठरते. आठव्या महिन्याच्या उत्तरार्धात किंवा नवव्याच्या सुरुवातीला जन्मलेले बाळ दिसायला पूर्ण वाढीचे वाटते, म्हणून त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. प्रत्यक्षात ३४-३५ आठवड्यांच्या बाळाच्या मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांशच असते. राहिलेली वाढ पोटाबाहेर, दिव्यांच्या आणि यंत्रांच्या सोबतीने व्हायची असते.

काचेच्या पेटीत मेंदूला कसला त्रास?

आईच्या पोटात अंधार असतो, ऊब असते, हातपाय आपोआप छातीशी दुमडलेले राहतात. आवाज येतात तेही पाण्यातून गाळून: आईच्या हृदयाचे ठोके, तिचे बोलणे. अतिदक्षता कक्षात याच्या अगदी उलट. डोक्यावर अखंड दिवे, मॉनिटरची पिपाणी, पेटीच्या दारांचा खटका, दर थोड्या वेळाने टोचणारी सुई, पाठीवर सपाट पडलेले आणि पसरलेले हातपाय.

साधारण सहाव्या महिन्यानंतर बाळाला आवाज जाणवू लागतो, त्याच सुमारास पापण्या उघडतात. म्हणजे ऐकण्याच्या आणि पाहण्याच्या जोडण्या मेंदूत तयार होत असतानाच हा भडिमार सुरू होतो. प्रत्येक धक्क्याला बाळ प्रतिसाद देते. श्वास थबकतो, हृदयाचे ठोके बदलतात, रक्तातला प्राणवायू खाली येतो. जी शक्ती वाढीसाठी हवी ती सावरण्यात खर्ची पडते. झोप मोडते, आणि या वयात मेंदूची बांधणी मोठ्या प्रमाणात झोपेतच होत असते.

नवजात बाळाला वेदना फारशा जाणवत नाहीत, असा वैद्यकातही दीर्घकाळ समज होता. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी अगदी लहान बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया केल्या जात. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजित आनंद यांच्या संशोधनाने १९८७ च्या सुमारास हा समज मोडून काढला. बाळाला दुखते, आणि ते सांगता येत नाही म्हणून ते अधिक जपून वागवायला हवे, हे तेव्हापासून मान्य झाले.

विकासपूरक काळजी म्हणजे काय?

बोस्टनमधल्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिसे अल्स यांनी १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट आग्रहाने मांडली: बाळ बोलत नसले तरी सांगत असते. बोटे फाकवणे, कपाळाला आठ्या, उचकी, जांभई, रंग पालटणे हे ‘आता पुरे’ असे सांगणे आहे. हात तोंडाशी नेणे, शांत नजर, सैल चेहरा हे ‘मी ठीक आहे’ असे सांगणे आहे. परिचारिकेने हे वाचायचे आणि त्याप्रमाणे काळजीची वेळ आणि पद्धत ठरवायची. त्यातून ‘निडकॅप’ नावाची पद्धत तयार झाली.

रोजच्या कामात याचा अर्थ असा: पेटीवर कापड टाकून उजेड कमी करणे आणि रात्र ही रात्रीसारखी ठेवणे. मॉनिटरचा आवाज खाली आणणे, पेटीवर फाइल न आपटणे, बाळाजवळ मोठ्याने गप्पा न मारणे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच या कक्षांतला आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा असे सुचवले होते. तपासणी, लंगोट बदलणे, रक्त घेणे ही कामे शक्य तितकी एकत्र करून मधला वेळ झोपेला सोडणे. मऊ कापडाची गुंडाळी करून बाळाभोवती घरटे बनवणे, म्हणजे हातपाय दुमडलेले राहतात. टाचेतून रक्त घेताना बाळाला हातांनी अलगद आवळून धरणे किंवा आईचे दूध चाटवणे, म्हणजे दुखणे कमी जाणवते.

यातल्या एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही. जुने धुतलेले सुती लुगडे आणि सवय बदलण्याची तयारी एवढे पुरते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘निडकॅप’ या संपूर्ण पद्धतीच्या दीर्घकालीन फायद्याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एका एकत्रित आढाव्यात ठोस फायदा सिद्ध झाला नव्हता. त्यामुळे महागडे प्रमाणपत्र आणि परदेशी प्रशिक्षण यांच्यामागे धावण्याची गरज नाही. पण बाळाला झोपू देणे आणि दुखणे कमी करणे यासाठी कोणत्या मोठ्या पुराव्याची वाट पाहायची? आणि या सगळ्यांत एक घटक असा आहे, ज्याचा पुरावा अतिशय भक्कम आहे. तो म्हणजे आईची छाती.

आईची छाती हा उपचार कसा?

कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्यासमोर अडचण होती ती पेट्या कमी आणि बाळे जास्त अशी. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ त्यांना येऊन मिळाले. गरिबांची तडजोड म्हणून सुरू झालेली ही ‘कांगारू’ पद्धत पेटीच्या बरोबरीची, काही बाबतींत तिच्याहून सरस असल्याचे नंतर दिसत गेले.

तरीही अनेक वर्षे नियम असा होता की बाळ आधी पेटीत स्थिर होऊ दे, मग आईकडे द्या. हा क्रम २०२१ मध्ये उलटला. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत, १ ते १.८ किलोच्या दरम्यान वजन असलेल्या ३,२११ बाळांवर अभ्यास झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. निम्म्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच छातीशी देण्यात आले. त्यांना दिवसाकाठी साधारण १७ तास ही ऊब मिळाली. २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, तर लगेच छातीशी दिलेल्यांत १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवण्यात आला. त्यानंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली : जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, आणि दिवसाचे ८ ते २४ तास.

फायदा फक्त जीव वाचण्याचा नाही. छातीशी असलेले बाळ शांत झोपते, त्याचे तापमान टिकते, आईला पान्हा फुटतो, दूध अधिक दिवस टिकते. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे एकत्र जमत नाही. तोवर नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध द्यावे लागते. या काळात आई जवळ नसेल तर तिचे दूध आटते आणि बाळ डब्याच्या दुधावर जाते. अशा बाळांसाठी आईचे दूध किती मोलाचे आहे हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली मानली जाते.

मग आईला आत का घेत नाहीत?

पहिले कारण सांगितले जाते जंतुसंसर्गाचे. ते ऐकायला पटते, पण पुरावा उलट बाजूचा आहे. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात आई चोवीस तास कक्षात होती, आणि त्या गटात जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळे कमी होती. आईच्या अंगावरचे जंतू बाळाच्या ओळखीचे असतात. रुग्णालयातले हट्टी जंतू एका बाळाकडून दुसऱ्याकडे जातात ते बहुधा न धुतलेल्या हातांवरून. हात धुवायला शिकवलेली आई हा धोका वाढवत नाही.

दुसरे कारण जागेचे आणि मनुष्यबळाचे. हे खरे आहे. एका परिचारिकेकडे अनेक बाळे असतात, दोन पाळण्यांमध्ये खुर्ची मावत नाही. पण याचेही उत्तर आईच आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात पालकांना बाळाची साधी काळजी शिकवून कक्षात सामावून घेण्याचा प्रयोग झाला. त्याच्या आधारे केंद्र सरकारने २०१७ मध्ये ‘कुटुंब सहभागी काळजी’ची मार्गदर्शक सूचना काढली. लंगोट बदलणे, वाटी-चमच्याने दूध पाजणे, स्वच्छता, धोक्याची लक्षणे ओळखणे ही कामे आई-वडील करू शकतात. परिचारिकेचा वेळ तितका मोकळा होतो, आणि घरी जाताना आईच्या हातांना सवय झालेली असते.

तिसरे कारण कोणी उघड बोलत नाही. ते आहे सव्वा महिना. बाळंतिणीने बाहेर पडू नये, वारा लागतो, अंग भरून येते म्हणून घरचेच तिला पाठवत नाहीत. पाठवले तरी कोल्हापुरात राहायचे कुठे? टाके ओले असलेल्या बाईने वऱ्हांड्यात चटईवर झोपायचे का? बाळाला खाट आहे, आईला नाही, ही या साऱ्या व्यवस्थेतली मूळ चूक आहे. अशा वेळी वडील, आजी किंवा मावशीनेही बाळाला छातीशी घेता येते, हे फार थोड्या घरांना सांगितले जाते.

घरी सोडताना आणि नंतर कोणत्या तपासण्या हव्यात?

तीन तपासण्या अशा आहेत, ज्यांची तारीख चुकवून चालत नाही.

पहिली डोळ्यांची. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सरकतो आणि कायमचे अंधत्व येते. या आजाराला ‘आरओपी’ म्हणतात. बाहेरून डोळा अगदी चांगला दिसतो, बाळ रडत नाही, पू येत नाही. म्हणूनच फसगत होते. भारतात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायलाच हवी; फारच लहान बाळांची दोन ते तीन आठवड्यांतच. वेळेत सापडले तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. उपचाराची वेळ मात्र दिवसांत मोजायची असते, महिन्यांत नव्हे.

दुसरी कानांची. कक्षात राहिलेल्या बाळांमध्ये ऐकण्याचा दोष इतरांपेक्षा अधिक आढळतो. टाळी वाजवून पाहणे ही तपासणी नव्हे. ‘बेरा’ नावाच्या चाचणीत कानापासून मेंदूपर्यंतचा मार्ग तपासला जातो. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर मान्य असलेला हिशेब आहे. उशिरा कळलेल्या बहिरेपणाची किंमत मूल बोलण्यात मोजते.

तिसरी मेंदूची आणि हालचालींची. सेरेब्रल पाल्सीचे निदान पूर्वी दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत लांबत असे. आता बाळाच्या स्वाभाविक हालचाली पाहून, ‘हॅमरस्मिथ’ नावाची तपासणी करून आणि गरज पडल्यास एमआरआय काढून पाच महिन्यांच्या आतही धोका ओळखता येतो. हॅमरस्मिथला फारसे साहित्य लागत नाही. शिकलेले हात आणि थोडा वेळ लागतो.

भारतीय बाळांसाठीची एक महत्त्वाची मोजपट्टी तर डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात तयार केली. १९९७ मध्ये सुधारलेल्या ‘डासी’ या मोजपट्टीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक वाढीच्या १६३ कसोट्या आहेत. अडीच वर्षांपर्यंतचे बाळ आपल्या वयाच्या तुलनेत कुठे आहे ते तिच्यावरून कळते.

बाळाचे वय कसे मोजायचे?

इथेच बहुतेक घरांत घोळ होतो. ३० आठवड्यांत जन्मलेले बाळ दहा आठवडे, म्हणजे सुमारे अडीच महिने लवकर आलेले असते. जन्माला सहा महिने झाले तरी वाढीच्या हिशेबात ते साडेतीन महिन्यांचे. शेजारचे सहा महिन्यांचे बाळ पालथे पडते आणि आपले पडत नाही म्हणून घाबरायचे कारण नाही. याला दुरुस्त वय म्हणतात, आणि दोन वर्षांपर्यंत वाढ याच वयाने पाहायची असते. लसी मात्र जन्मतारखेनुसारच द्यायच्या.

पण दुरुस्त वयाची सबब करून धोक्याच्या खुणा दुर्लक्षित करायच्या नाहीत. दुरुस्त वयाच्या तिसऱ्या महिन्यापर्यंत नजर न मिळणे, चौथ्या महिन्यानंतरही मान न धरणे, मुठी सतत आवळलेल्या राहणे, पाय कात्रीसारखे ताठ होणे, नऊ-दहा महिन्यांपर्यंत न बसणे, वर्षाच्या आत एकाच हाताने सगळे धरणे यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. ‘डावखुरा होणार बहुतेक’ असे म्हणून हसण्यावारी नेलेली खूण एका बाजूच्या कमजोरीची असू शकते.

पुण्याच्या अभ्यासाने काय दाखवले?

या बाळांचे पुढे काय होते, याचे मराठी मातीतले उत्तर पुण्यात मिळते. केईएम रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती मुले १८ वर्षांची होईपर्यंत पाठपुरावा केला. आपल्याकडे एवढा लांब पाठपुरावा अगदी दुर्मीळ आहे.

त्यातून दिलासाही मिळाला आणि इशाराही. या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता सर्वसाधारण मर्यादेत होती, पण वेळेवर जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी. बाराव्या वर्षी काहींना गणित, वाचन आणि डोळ्या-हातांचा मेळ यांत अडचणी दिसल्या. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय त्या दिवसांच्या मानानेही कमी वजनाची मुले सर्वाधिक मागे राहिली.

म्हणजे चौथीत ज्या मुलाला ‘मठ्ठ’ किंवा ‘आळशी’ म्हटले जाते, त्याच्या अडचणीचे मूळ काचेच्या पेटीतल्या त्या महिन्यात असू शकते. शिक्षकांना ते माहीत नसते, आणि आई-वडिलांनाही त्याचा संबंध लागत नाही. दुसरीकडे, पहिल्या वर्षांत घरच्यांकडून करून घेतलेल्या खेळ-व्यायामांचा बौद्धिक वाढीला शाळेपूर्वीच्या वयापर्यंत फायदा होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यातून दिसले आहे. करण्यासारखे काही नाही, असे मुळीच नाही.

कागदावर काय उपलब्ध आहे?

बरेच काही. सरकारी रुग्णालयांतल्या विशेष नवजात काळजी कक्षांत उपचार मोफत आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी अर्भकाचे उपचार, औषधे आणि ने-आण मोफत आहे. पुढे ही मुदत वर्षापर्यंत वाढवण्यात आली. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या घरभेटी देतात. कमी वजनाच्या आणि कक्षातून घरी आलेल्या बाळांना त्यानंतरही तिमाही भेटी अपेक्षित आहेत. या घरभेटींचे मूळच महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित बायकांच्या मदतीने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केल्याचे १९९९ मध्ये दाखवले होते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब शोधणे हे त्याचे काम. आरओपी आणि बहिरेपणा त्याच्या यादीत आहेत. सापडलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावे, अशी योजना आहे.

मग कागलमध्ये साखळी कुठे तुटते?

पहिली जागा अंतराची. कागल ते कोल्हापूर हे महामार्गावरचे वीसेक किलोमीटर. तालुक्याच्या आतल्या गावातून आधी कागल किंवा मुरगूड गाठायचे, मग कोल्हापूर. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, पण खर्च तिकिटाचा नसतो. एकाचा रोजगार बुडतो, म्हशीचे दूध काढायला कोणी नसते, लहानग्याला घेऊन सकाळपासून रांगेत बसायचे, आणि शेवटी ‘बाळ ठीक आहे’ एवढेच ऐकायचे. दुसऱ्या तारखेला कोण जाईल? बाळ चांगले दिसत असताना तपासणीला जायचे ही गोष्ट पटवून द्यावी लागते, आणि पटवून द्यायला कोणी नसते.

दुसरी जागा माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज. कागल सीमेवरचे. कितीतरी सुनांचे माहेर निपाणी, चिकोडी भागात आहे, आणि तिकडे दिलेल्या लेकी इकडे बाळंतपणाला येतात. तीनेक महिन्यांनी आई-बाळ सासरी जातात, म्हणजे आशाताई बदलते, आरोग्य केंद्र बदलते, राज्यही बदलते. महाराष्ट्रातल्या यादीतून बाळ ‘स्थलांतरित’ म्हणून निघते. कर्नाटकातल्या यादीत ते जोखमीचे म्हणून लागतेच असे नाही. बाळ हलते, नोंद हलत नाही.

तिसरी जागा हंगामाची. शाहू, मंडलिक, बिदरी, संताजी घोरपडे अशा कारखान्यांच्या पट्ट्यात दरवर्षी मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गरोदर बाई पहाटेपासून मोळ्या वाहते. तिचे बाळ डिसेंबरात लवकर जन्मले, तर ते कक्षातून फडावरच्या पालात जाते. मार्चमध्ये पट्टा पडला की टोळी गावी निघते. त्या वेळी बाळाच्या कानांची तपासणी राहिलेली असते आणि मेंदूच्या तपासणीची वेळ नुकतीच येणार असते. गावी पोहोचल्यावर त्याच्या जोखमीची खबर तिथल्या आशाताईंना कोण देणार?

काय करता येईल?

नव्या योजनेची गरज नाही. पाच गोष्टी पुरेशा आहेत, आणि त्यातली एकही अवघड नाही.

एक : कक्षात जितके पाळणे, तितक्या आयांची झोपण्या-जेवण्याची सोय. आईला भेटीची वेळ नसावी. ती भेटायला आलेली पाहुणी नाही. नवजात कक्षाचे मोजमाप करताना किती बाळे वाचली याबरोबर किती तास आईच्या छातीशी होती हेही विचारले जावे.

दोन : घरी सोडण्याच्या कार्डावर डोळे, कान आणि विकास या तीन तपासण्यांच्या तारखा आणि दुरुस्त वय मराठीत, ठळक अक्षरांत. डोळ्यांची पहिली तपासणी शक्यतो घरी सोडण्याआधीच.

तीन : महिन्यातून एक ठरलेला दिवस कागलच्या ग्रामीण रुग्णालयात या बाळांसाठी राखून ठेवावा. जिल्ह्याचे पथक तिथे यावे. वीस बाळांना आयांसह कोल्हापूरला नेण्यापेक्षा तीन तज्ज्ञांनी कागलला येणे स्वस्त पडते. बाजाराच्या दिवशी ठेवले तर आणखी बरे.

चार : आशाताईंना दुरुस्त वय आणि धोक्याच्या सहा-सात खुणा शिकवाव्यात, आणि या जादा भेटींचा मोबदला वेळेवर द्यावा. गावातल्या आज्या मान धरली का, पालथे पडले का हे आजही विचारतातच. त्या प्रश्नांना फक्त योग्य वयाची जोड हवी.

पाच : नोंद बाळाबरोबर जावी. आशाताईने पुढच्या गावच्या आशाताईला केलेला एक फोन, माता-बाल संरक्षण कार्डावर ‘जोखमीचे बाळ’ असा शिक्का, आणि सीमेपलीकडच्या तालुक्याशी महिन्याला यादीची देवाणघेवाण. कारखान्यांनीही हंगामाच्या अखेरीस आपल्या पट्ट्यातल्या अशा बाळांची यादी आरोग्य विभागाला द्यायला हरकत नसावी.

यावर एक आक्षेप येईल. आधी व्हेंटिलेटर पुरेसे नाहीत, डॉक्टरांची पदे रिकामी आहेत, तिथे अंधार-शांतता-खेळ यांचे काय घेऊन बसलात? आक्षेप बिनबुडाचा नाही. पण एका बाळाला महिनाभर अतिदक्षता कक्षात ठेवण्यावर सरकार किंवा ते कुटुंब एवढा खर्च करते, कर्ज काढते, दागिने मोडते, आणि मग त्याच बाळाची दृष्टी एका चुकलेल्या तपासणीमुळे जाते. हा हिशेब कोणत्याही बाजूने जुळत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मूल शाळेत येईल, एवढी काळजी तेव्हाच्या राज्याने घेतली. फळ्यावरचे दिसेल, बाई बोलतात ते ऐकू येईल आणि पेन्सिल हातात धरता येईल, अशा स्थितीत ते शाळेपर्यंत पोहोचवणे ही आजच्या व्यवस्थेची जबाबदारी आहे. ती पहिलीच्या वर्गात सुरू होत नाही. बाळ काचेत असते, त्या पहिल्या रात्रीच ती सुरू झालेली असते.